घरपट्टीचा कोड कोणाच्या ताब्यात?

महापालिकेचं कर भरण्याचं संकेतस्थळ बनवताना ब्रँच (कोडच्या समांतर शाखा) किती असाव्यात, त्यांतले बदल मुख्य कोडमध्ये मर्ज कोण करणार, जुना इतिहास कोणाकडे राहणार, हे बहुतेक वेळा कंत्राटदारच ठरवतो. माझं म्हणणं, ते निविदेतच ठरावं.

१. काम पहिल्या दिवसापासून उघड्यावर व्हावं. सरकारी सॉफ्टवेअरचा सोर्स कोड खुला करण्याचं केंद्राचं धोरण २०१५ पासून आहे. तरीही केंद्राचं कोरोनासाठीचं ॲप, आरोग्य सेतू, २ एप्रिल २०२० ला आलं आणि त्याच्या अँड्रॉइड ॲपचा कोड खुला झाला २६ मे रोजी. तोवर कोट्यवधी लोकांनी ते फोनवर घेतलं होतं. वरातीमागून घोडं! जर्मनीचं कोरोना-वॉर्न-ॲप त्याच वर्षी १६ जूनला आलं. त्याचा कोड मात्र त्याआधीच गिटहबवर लोक तपासत होते.

२. ब्रँचचं जंगल नको. व्हिन्सेंट ड्रीसेन यांनी २०१० मध्ये मांडलेली गिट-फ्लो ही ब्रँचची पद्धत अनेक टीम डोळे झाकून वापरतात : मास्टर, डेव्हलप, फीचर, रिलीज, हॉटफिक्स. पण सतत बदलत राहणाऱ्या वेब ॲपसाठी याहून साधी पद्धत घ्या, असं २०२० मध्ये खुद्द ड्रीसेन यांनीच आपल्या लेखाला टीप जोडून सांगितलं. घरपट्टीच्या संकेतस्थळाची एका वेळी एकच आवृत्ती चालू असते. एक मेन ब्रँच आणि दोन-चार दिवसांत मर्ज होणाऱ्या छोट्या ब्रँच तिथे पुरेशा आहेत. फोनवरच्या ॲपचं वेगळं. जुनी आवृत्ती वापरणारे असतातच, म्हणून तिथे रिलीज ब्रँच ठेवायला हरकत नाही.

३. मेनवर थेट पुश बंद, जुना इतिहास पुसू शकणारा फोर्स-पुश तर नाहीच. प्रत्येक बदल दुसऱ्याने तपासूनच मर्ज व्हावा. करआकारणीचं सूत्र किंवा सवलतीचा दर बदलला, तर कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या नोंदीत, सभेच्या ठरावाचा किंवा शासन निर्णयाचा क्रमांक हवाच. ‘फिक्स’, ‘फायनल’, ‘फायनल २’ असले संदेश लेखापरीक्षकाच्या काय कामाचे? आणि गिटमध्ये लेखक म्हणून कोणाचंही नाव घालता येतं, तेव्हा कमिट डिजिटल सहीचेच असावेत.

४. रिपॉझिटरी, म्हणजे कोड आणि त्याचा इतिहास ठेवण्याची जागा, महापालिकेच्या मालकीची. कंत्राट संपल्यावर झिप फाइल हातात पडली तर कोड मिळतो, पण तो असा का लिहिला हे कळत नाही. मग नवा कंत्राटदार ‘सगळं नव्याने लिहावं लागेल’ म्हणतो, आणि त्याचं बिल आपणच भरतो.

५. ‘कोड खुला केला, तर सुरक्षेचं काय?’ पासवर्ड आणि किल्ल्या रिपॉझिटरीत ठेवायच्याच नसतात, मग ती खुली असो वा बंद. गंभीर त्रुटीची दुरुस्ती तयार होईपर्यंत खासगीत करता येते. लिनक्स कर्नेलचा कोड सगळ्यांसमोर असतो, तरी सुरक्षा-त्रुटी कळवायला तिथेही वेगळी, बंद वाट आहे.

तुमच्या शहरात अशी निविदा निघाली, तर निविदापूर्व बैठकीआधी नगरसेवकाला आणि आयुक्तांना लेखी विचारा : रिपॉझिटरी कोणाच्या नावावर, आणि मेनवर मर्जचा अधिकार कोणाला?