वायर ओढणारे हात आपले, सही कोणाची?

वस्त्यांमध्ये काम करताना एक गोष्ट वारंवार दिसते. नव्या इमारतीत भिंतीला झिरी पाडणारा, पाइपमधून वायर ओढणारा, बोर्ड बसवणारा मुलगा आपला असतो. पण वीजजोडणीच्या अर्जासोबत वायरिंगचा चाचणी अहवाल द्यायची वेळ आली की त्यावर सही लागते ती परवानाधारक ठेकेदाराची. अनेकदा हा ठेकेदार साइटवर फिरकलेलाही नसतो. त्याला सहीचे पैसे मिळतात, मुलाला रोजंदारी.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतील नियम ४५ प्रमाणे बल्ब, पंखा, फ्यूज, बटण बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली, तर वायरिंगचे काम परवानाधारक ठेकेदारामार्फतच व्हायला हवे. त्यावर प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाची देखरेख हवी आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्याकडे वायरमनचा परवाना हवा. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१० आणि २०२३ च्या सुरक्षा विनियमांनी हीच चौकट पुढे चालवली. वायरमन, पर्यवेक्षक, ठेकेदार अशी ही तीन पायऱ्यांची शिडी आहे.

मग आपली मुले पहिल्या पायरीच्याही खाली का अडकतात? एक कारण गैरसमजाचे आहे. आयटीआयचे प्रमाणपत्र हातात आले की सगळे झाले, असे अनेकांना वाटते. ते शिक्षणाचा पुरावा आहे, परवाना वेगळा काढावा लागतो. दुसरे कारण जास्त गंभीर आहे. वर चढण्यासाठी अनुभवाचा दाखला लागतो आणि तो द्यायचा असतो ठेकेदाराने. ज्याला बिनकागदाचा स्वस्त हात हवा आहे, तो दाखला कशाला देईल? दहा-दहा वर्षे काम केलेला माणूस कागदावर अननुभवीच राहतो. शॉक लागून काही बरेवाईट झाले, तर तो त्या साइटवर कामाला होता हे सिद्ध करण्यासाठीही कुटुंबाला धावाधाव करावी लागते.

हा प्रश्न आज तातडीचा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचे उद्दिष्ट एक कोटी घरांच्या छतांवर सौर संच बसवण्याचे आहे. हे काम वाढत जाणार. त्यात आपण पुन्हा छतावर पॅनल चढवणारे मजूरच राहणार, की कामाची जबाबदारी घेणारे ठेकेदार होणार?

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांकडे वीज धोरणाचीही जबाबदारी होती. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक ऊर्जा मंडळ त्यांच्याच कार्यकाळात उभे राहिले. हा वारसा जयंतीच्या भाषणापुरता ठेवून चालणार नाही.

कार्यकर्त्यांनी तीन कामे हाती घ्यावीत. वस्तीतील वायरिंगचे काम करणाऱ्या तरुणांची यादी करून कोणाकडे कोणता कागद आहे ते पाहावे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली नोंदणीकृत प्रशिक्षण मिळवून द्यावे. त्यात विद्यावेतनही मिळते आणि अनुभवाची नोंदही होते. आणि विहारात संध्याकाळी स्पर्धा परीक्षेचा वर्ग भरतो, तसा अर्थिंग, लोड आणि विद्युत सुरक्षा नियमांचा वर्ग सुरू करावा. ज्यांनी आधीच परवाना मिळवला आहे, त्यांनी तिथे शिकवावे. आपल्याकडे काम केलेल्या मुलाला अनुभवाचा खरा दाखला देण्याची सुरुवातही त्यांनीच करावी.