भूत घालवणाऱ्याचे नियम आधी वाचा

सुट्टीच्या दिवशी मिरा रोडच्या एखाद्या सोसायटीत चार-पाच कॉलेजची पोरं टेबलाभोवती बसलेली दिसली, वीस बाजूंचा फासा घरंगळला आणि "सैतान आलाय, हाकल त्याला!" अशी आरोळी ऐकू आली, तर आईबापांनी घाबरू नये. खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो 1974 साली अमेरिकेत आणला. ऐंशीच्या दशकात तिकडच्या पालकांनीही पोरं सैतानाच्या नादी लागली म्हणून बोंब ठोकली होती. पोरं फासे टाकत होती, एवढंच.

उलट थोडा वेळ त्यांच्या शेजारी बसा आणि त्यांचा मांत्रिक परलोकातल्या प्राण्याला कसा घालवतो ते बघा. मंत्राचं नाव 'बॅनिशमेंट'. खेळातल्या जादूगाराला तो सातव्या पातळीवर मिळतो, म्हणजे बरेच दिवस खेळून झाल्यावर. 2014 च्या आवृत्तीतले नियम असे: सावज साठ फुटांच्या आत हवं. त्याला बचावाचा फासा टाकायचा हक्क आहे. तो फासा जिंकला तर मंत्र वाया, आणि जादूगाराची खर्ची पडलेली शक्ती काही परत मिळत नाही. हरला तर प्राणी नाहीसा होतो, पण तेही मिनिटभरच. ते मिनिट जादूगाराने चित्त ढळू न देता काढायचं. मध्येच कुणी त्याला टोला हाणला आणि चित्त सावरायचा फासा चुकला, की हाकललेला त्याच जागी परत उभा. मिनिट पुरं झालं तर परलोकातला परलोकात राहतो. मरत मात्र नाही, कुणी बोलावलं तर पुन्हा येतो. आणि मुळात तो याच लोकातला असेल, तर मिनिट पुरं होऊनही परत येतो. तुम्हीच नरकात उतरलात तर तिथे परके तुम्ही. मग हाच मंत्र आपल्याच सोबत्यावर टाकून त्याला घरी पाठवता येतं!

याच लोकातल्यांबद्दलचा हा नियम मला फार आवडतो, कारण आपली मराठी भुतं सगळी इथलीच. मुंजा पिंपळावर, समंध पुरलेल्या धनावर, देवचार कोकणातल्या गावाच्या सीमेवर. त्यांना कुठल्या परलोकात धाडणार? मिनिटभराने मुंजा आपल्या फांदीवर हजर. तेव्हा खेळ चालवणाऱ्या पोरांनो, एकदा ड्रॅगन बाजूला ठेवा. घोडबंदरच्या किल्ल्यात एक समंध बसवा, मंत्र फसू द्या आणि तुमच्या खेळाडूंना त्याचं काय राहून गेलंय ते विचारायला लावा. देवचाराला गावकरी हाकलत नाहीत, त्याचा मान देतात. खेळ जास्त रंगेल.

आता मोठ्यांकडे वळतो. भाईंदरहून चर्चगेट लोकल पकडा आणि डब्यात चिकटवलेले बाबा-बंगालीचे कागद वाचा. करणी, वशीकरण, सौतन, गृहक्लेश, नोकरी, सगळ्यावर एकच इलाज आणि वर गॅरंटी. मंत्र किती फुटांवरून चालतो, किती वेळ टिकतो, फसला तर काय, यातलं अक्षरही नाही. खेळातल्या खोट्या जादूगाराला पानभर अटी आणि खऱ्या पैशांत फी घेणाऱ्याला एकही नाही, हे काही बरोबर नाही. मंत्र-ताईताने रोग बरे करण्याच्या जाहिरातींना केंद्राच्या 1954 च्या कायद्याने बंदी आहे, तरी एक कागद फाडला की दुसरा चिकटतो.

या मंडळींना अट घातली ती महाराष्ट्राच्या कायद्याने. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षं झगडले. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबरात विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. त्याच्या अनुसूचीत पहिलंच कलम भूत उतरवण्याचं आहे. त्या नावाखाली माणसाला दोराने किंवा साखळीने बांधणं, चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं, केस उपटणं, चपला भिजवलेलं पाणी पाजणं, हे सगळे गुन्हे. शिक्षा 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत, दंड 5 हजार ते 50 हजार रुपये, आणि गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र. पूजा, भजन, कीर्तन, वारी यांना कायद्याने हात लावलेला नाही. "आमचा धर्म बुडवला" म्हणणाऱ्यांनी तो एकदा वाचावा तरी.

म्हणून सांगतो, घरातली सून, पोर किंवा म्हातारं माणूस रात्र रात्र जागत असेल, एकटंच बोलत असेल, अंगात आल्यासारखं करत असेल, तर देवापुढे नारळ ठेवायचा असेल तर ठेवा, पण डॉक्टरकडे नेणं थांबवू नका. घोडबंदर रस्त्याने ठाण्याला गेलात की तिथे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, 1901 पासूनचं. बांधून ठेवा, धुरी द्या असं सांगणारा कुणी भेटला तर त्याला दारातूनच वाटेला लावा आणि पोलीस ठाणं गाठा. काशिमिऱ्याच्या जंगलालगतच्या पाड्यांवर राहणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्राचा उपचार करणं हाही याच कायद्याखाली गुन्हा आहे. साप चावल्यावर पहिली धाव रुग्णालयाकडेच घ्या.

आणि मनाच्या त्रासाबद्दल कुणाशी बोलावं हेच कळत नसेल, तर 14416 हा सरकारच्या 'टेली मानस'चा नंबर फोनमध्ये घालून ठेवा. फोन फुकट लागतो, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येतं.