स्क्रू-ड्रायव्हरने घराणे बुडत नाही

आमच्या सीमाभागात दोन माणसांचे एकमत होणे कठीण. दुकानाच्या पाटीवर कोणती लिपी वर असावी इथपासून वाद सुरू होतात. पण गेली काही वर्षे मी पाहतो आहे, एका बाबतीत मराठी बाप आणि कन्नड बाप यांचे अगदी जिव्हाळ्याचे एकमत आहे. मुलाने गिटार वाजवली तर एकवेळ चालेल. पण ती उघडून, स्क्रू काढून, आतल्या वायरी सोल्डर करीत बसला म्हणजे तो वाया गेला. वाजवण्याला कला म्हणता येते, स्नेहसंमेलनात पाहुण्यांसमोर मिरवता येते. उघडण्याला काय म्हणायचे? हे एकमत मला मान्य नाही. ते का मान्य नाही हे जरा कडक शब्दांत सांगावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

आमच्या शाळेतल्या एका मुलाने गोव्यातल्या मावसभावाकडून जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली. एक पिकअप मुका, स्विच खरखरणारा, तारा पट्टीपासून बोटभर उंच. पोराने दोन महिने खपून तुटलेली वायर शोधली, स्विच बदलला, आतल्या पोकळीला तांब्याचा पत्रा चिकटवला आणि ती वाजती केली. वडील माझ्याकडे आले ते तक्रार घेऊन.

"सर, तुम्हीच सांगा की त्याला. एवढी फी भरून आम्ही शिकवतोय, ते काय रेडिओ दुरुस्तीवाला व्हायला?"

"त्याने ती वाजती केली, ते पाहिलंत का?" मी विचारले.

"वाजती झाली म्हणून काय झालं सर? मार्क वाढतात काय त्यानं?"

आठवड्याभरात गिटार विकली गेली. मुलगा आता शाळेखेरीज दोन क्लासना जातो. त्या गृहस्थांविषयी माझ्या मनात राग नाही. ते एकटे असते तर हा लेख लिहिलाच नसता.

रेडिओ दुरुस्तीवाला! हा शब्द त्यांनी शिवीसारखा उच्चारला म्हणून सांगतो. इलेक्ट्रिक गिटारचा सगळा इतिहास ज्या माणसापाशी येऊन वळण घेतो तो लिओ फेंडर रेडिओ दुरुस्तीवालाच होता. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी १९३८ मध्ये त्याने दुरुस्तीचे दुकान काढले. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. पण १९५० मध्ये त्याने बाजारात आणलेल्या गिटारची मान सरसाने कायमची चिकटवलेली नव्हती, चार स्क्रूंनी बसवली होती. बिघडली तर काढा, दुसरी बसवा. दुरुस्ती करणाऱ्याच्या डोक्यातूनच असली रचना निघते. वाद्य उघडता यावे असे त्याने बनवले आणि जगभरच्या पोरांनी ते उघडले. १९५४ च्या त्याच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारला तीन पिकअप होते आणि तीन ठिकाणी थांबणारा स्विच. वादकांनी तो स्विच दोन खाचांच्या मध्येच अडकवून ठेवला. दोन पिकअप एकदम बोलू लागले आणि एक निराळाच, किंचित अनुनासिक गोड आवाज मिळाला. कंपनीने पाच ठिकाणी थांबणारा स्विच दिला तो १९७७ मध्ये. गिऱ्हाइकाने खटपट करून शोधलेली गोष्ट पदरात घ्यायला कारखान्याला तेवीस वर्षे लागली. त्याच्याही आधी, १९४० च्या सुमारास, लेस पॉल नावाच्या वादकाने न्यूयॉर्कमधल्या गिटारच्या एका कारखान्यात रविवारी बसून चार इंच जाडीच्या पाइनच्या ओंडक्यावर तारा चढवल्या होत्या. नुसता ओंडका लोकांना रुचेना, म्हणून त्याने दोन्ही बाजूंना एका जुन्या गिटारचे पंख लावले, मग टाळ्या पडल्या असे तो स्वतः सांगे. माणसे डोळ्यांनी ऐकतात, हे आमच्या पालकसभेत रोज दिसते.

पण मला सांगायचे आहे ते एका बापाविषयी. इंग्लंडमध्ये हॅरोल्ड मे नावाचे इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार गृहस्थ होते. मुलगा ब्रायन सोळा वर्षांचा. त्याला हवी होती तसली गिटार विकत घेण्याची ऐपत नव्हती. १९६३ च्या ऑगस्टमध्ये बापलेकांनी घरीच ती करायला घेतली. जवळजवळ दोन वर्षे लागली. मान केली जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या महोगनी लाकडाची; त्याला वाळवीसारख्या किडीने भोके पाडली होती, ती आगकाड्यांनी बुजवली. अंगाला जुन्या टेबलाचे ओक. सूर हलवण्याच्या दांडीखाली जुन्या मोटारसायकलच्या इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, दांडीच्या टोकाला आईच्या विणायच्या सुईचा तुकडा, पट्टीवरच्या खुणांना तिच्याच शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणे. हीच गिटार पुढे 'क्वीन' या वाद्यवृंदात जन्मभर वाजली. २००२ मध्ये राणीच्या राजवाड्याच्या गच्चीवरही तीच वाजली. त्या वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला, हे अनेक वाचकांना ठाऊक असेल. ब्रायनने पुढे भौतिकशास्त्राचे संशोधन अर्धवट सोडले तेव्हा वडील नाराज झाले. बाप तिकडचा असला तरी बापच. ते संशोधन त्याने २००७ मध्ये पुरे केले आणि डॉक्टरेट मिळवली. पण माझा मुद्दा डॉक्टरेटचा नाही. दोन वर्षे तो बाप मुलाबरोबर लाकूड तासत बसला, हा आहे. आपल्यापैकी किती जणांनी दहावीतल्या मुलाबरोबर दोन तास एखादी वस्तू केली आहे?

यावर हमखास उत्तर येते, "ते साहेबाचे झाले हो, आपले काय?" आपले मिरज आहे. बेळगावहून पॅसेंजरने सकाळी निघालेला माणूस दुपारी तिथे पोचतो. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी तिथे एकोणिसाव्या शतकात सतारी आणि तंबोरे बनवायला घेतले. फरीदसाहेबांचे नाव त्यात पहिले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाने बातमी वाचली. घोडीवर जवारी लावणारा कारागीर कानसेने इतके बारीक घासतो की सुताच्या फरकाने तंबोरा बोलका होतो किंवा मुका. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेला राहिले. ते स्वतः वाद्ये दुरुस्त करीत. खाँसाहेबांच्या हातात कानस शोभते आणि आपल्या चिरंजीवांच्या हातात शोभत नाही?

गिटार परदेशी, ही दुसरी सबब. बाजाची पेटीही परदेशीच होती. आकाशवाणीने १९४० मध्ये तिला बाहेर काढले आणि १९७१ पर्यंत दार बंद ठेवले. तरी याच बेळगावात रामभाऊ विजापुरे यांनी पेटीवर आयुष्य घातले, आणि आज त्यांचे नाव घेताना आपण कानाची पाळी पकडतो. परदेशीपणावर याहून जास्त शाई खर्च करणार नाही.

खरी अडचण हातांची आहे. आपल्याला बोटे सुरांवर फिरलेली चालतात, पण काळी झालेली चालत नाहीत. उद्यमबागेतल्या फौंड्र्यांवर आणि लेथवर निम्मे बेळगाव जेवते. पण त्या लेथवरच्या माणसालाही आपला मुलगा लेथजवळ दिसू नये असे वाटते. शाळाही काही सोवळ्या नाहीत. कार्यानुभवाच्या तासाला मुले दुकानातून तयार वस्तू विकत आणतात, आम्ही त्यावर गुण देतो, आणि वस्तू दुसऱ्या वर्षी धाकट्या भावाच्या नावावर पुन्हा येते. गांधीजींनी वर्ध्याला १९३७ मध्ये हातांच्या कामातून शिक्षणाची योजना मांडली, तिचे आम्ही असे केले. आणि मग एखादा मुलगा आपणहून, कुणी गुण देणार नसताना, खरे काम करतो तेव्हा त्याची गिटार विकतो.

त्या कामात काय शिकायला मिळते, ते ऐका. फेंडरच्या गिटारची मोकळी तार ६४८ मिलिमीटर. तिला १७.८१७ ने भागले की ३६.४ येतात, वरच्या टोकापासून तेवढ्यावर पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागा, दुसरा पडदा. असे करीत गेले की बारावा पडदा बरोबर मधोमध, ३२४ वर येतो आणि तिथे वरचा षड्ज मिळतो. हा १७.८१७ कुठून आला, तर दोनाच्या बाराव्या मुळातून. मी गणिताचा नव्हे, मराठीचा एम.ए.; पण भूमिती श्रेणी म्हणजे काय हे मला पट्टीवरचे अंतर आखरीत होत जाताना पाहून जितके कळले तितके फळ्यावरून कळले नव्हते. आणि गणित बरोबर असूनही सूर चुकतो, ही त्यापुढची मौज. बोट दाबले की तार ताणते, सूर चढतो. म्हणून घोडी किंचित मागे सरकवावी लागते, प्रत्येक तारेसाठी निराळी. पुस्तक आणि वस्तू यांत हे असे बोटभर अंतर असते, आणि ते कुणी सांगून समजत नाही.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वर लोखंडी तार थरथरली की वेढ्यांत वीज उमटते. फॅरेडेचा १८३१ चा शोध, मुलाने शाळेत घोकलेला. तेच वेढे घरातल्या विजेची पन्नास हर्ट्झची गुणगुणही पकडतात. ती घालवायची तर आत तांब्याचा पत्रा लावून तो ग्राउंडला जोडावा लागतो, किंवा उलटसुलट वेढ्यांची दोन गुंडाळी शेजारी ठेवावी लागतात, म्हणजे गुणगुण गुणगुणीला खाते आणि सूर उरतो. आणि आमच्या पावसात गिटारची मान वाकते. मानेच्या पोटात पोलादी सळई असते. ती पाव फेरा पिळायची, एक दिवस थांबायचे, मग पुन्हा पाहायचे. एक दिवस थांबणे! कुठला क्लास हे शिकवतो?

आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द सुनावतो, नाहीतर गिटारवाली मंडळी मला आपला वकील समजतील. या छंदात एक नवा रोग आहे, त्याचे नाव अपग्रेड. स्वतः काही करायचे नाही, फक्त महागडे भाग मागवायचे. आवाजाच्या बटणामागे एक कपॅसिटर असतो. तो तीव्र स्वरांश जमिनीत सोडून देतो. त्याचे मूल्य किती मायक्रोफॅरडचे, यावर सगळे अवलंबून. सारख्याच मूल्याचा काही रुपयांचा सिरॅमिकचा तुकडा आणि हजारो रुपयांचा तेलात भिजलेल्या कागदाचा जुना नग, या दोन्हींत डोळे मिटून फरक ओळखून दाखवावा, मी टोपी उतरवीन. ज्याच्या तारा गंजल्या आहेत आणि घोडी जागेवर नाही, त्याने परदेशी पिकअप मागवणे म्हणजे पडक्या घराला सोन्याचा कळस. एडी व्हॅन हेलनने काय केले? पन्नास डॉलरचे दुय्यम प्रतीचे अंग, ऐंशी डॉलरची मान, दुसऱ्या गिटारमधून उपटलेला पिकअप. मोठ्या आवाजात सैल वेढे स्वतःच थरथरून किंचाळत, म्हणून त्याने पिकअप वितळलेल्या मेणात बुडवले. आधी काही वितळून वाया गेले. १९७८ मध्ये त्याची पहिली तबकडी आली तेव्हा जगाने त्या ठिगळाच्या गिटारचा आवाज ऐकून कान टवकारले. विकत घेणारा बाप आणि विकत घेणारा मुलगा यांच्यात मला फरक दिसत नाही. एक मार्क विकत घेतो, दुसरा आवाज.

राहिली शॉकची भीती. ती मात्र खरी धरा. साध्या गिटारच्या आत घरची वीज नसते. तिथे मुलाने बिनधास्त सोल्डर करावे, फक्त खिडकी उघडी ठेवून. पण तारा ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात, आणि अर्थिंग नसेल तर हातात मृत्यू असतो. स्वान्सी येथे १९७२ मध्ये लेस्ली हार्वे हा गिटारवादक अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून भर रंगमंचावर गेला. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर तर प्लग काढल्यावरही शेकडो व्होल्ट पोटात धरून बसतो. तो मुलांनी उघडायचा नाही, पुन्हा सांगतो, उघडायचा नाही. आमच्या जुन्या घरांत अजून दोन पिनांच्या सॉकेटवर काम चालते. बापाला मुलाची खरोखर काळजी असेल तर गिटार विकण्याआधी एक वायरमन बोलवावा.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आमच्या प्रयोगशाळेतले खिडकीजवळचे टेबल मी मोकळे ठेवले आहे. गिटार, पेटी, मोडका रेडिओ, काहीही आणावे. मुलगीही आणू शकते, हे वेगळे सांगावे लागते हीच लाज. सोल्डरिंगचे सामान शाळेचे. एकच अट घातली आहे: मुलाबरोबर घरातले एक मोठे माणूस आले पाहिजे, आणि त्याने नुसते खुर्चीवर बसायचे नाही, टॉर्च धरायची. पहिल्या दोन शनिवारी चौदा मुले आली. मोठी माणसे तीन, त्यांतली दोन आज्या.