त्यात काय आहे?

"त्यात काय आहे? घरच्या घरी होतं!" असे म्हणणाऱ्या माणसाला कायद्याने आवर घालावा, अशी माझी नम्र मागणी आहे. नळाचा वायसर बदलण्यापर्यंत मी त्याला क्षमा करीन. पण हार्ड डिस्क म्हणजे नळ नव्हे.

आमची डिस्क एका रविवारी टक्-टक् करू लागली. तीत लग्नाचे फोटो होते (ते गेले तरी चालले असते, असे मी मनातल्या मनात म्हणालो) आणि बाबांनी शेवटच्या आजारपणात सांगितलेल्या गावाकडच्या हकिकती होत्या, त्यांच्याच आवाजात. दुसरी प्रत नव्हती.

शेजारचे नाना म्हणाले, "पिशवीत घाला आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा." जुन्या काळी डोके तबकडीला चिकटून बसलेल्या एखाद्या डिस्कला हा उपाय लागूही पडला असेल. पण आत तबकडी मिनिटाला ५४०० नाहीतर ७२०० फेरे घेते आणि वाचणारे डोके तिच्यावर जेमतेम काही नॅनोमीटर अंतराने तरंगते. माणसाचा केस साधारण ७०,००० नॅनोमीटर जाड! जिथे धुळीचा कण म्हणजे डोंगर, तिथे गार डिस्क बाहेर काढून आपण दव पाडायचे?

भाचा आणखी हुशार. म्हणे, तसलीच डिस्क आणून खालची सर्किटची पाटी बदलू. अरे, त्या पाटीवरच्या चिपेत त्याच डिस्कची मापे असतात. ती चिप न हलवता पाटी बदलणे म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्याने वाचणे. चुकून पुसलेली फाईल सॉफ्टवेअरने परत आणणे निराळे. तिथे बहुधा नोंद तेवढी गेलेली असते, मजकूर जागेवर असतो. (तेही लोक त्याच डिस्कवर सॉफ्टवेअर चढवतात आणि उरलासुरला मजकूर स्वहस्ते बुजवतात.) टक्-टक् करणारी डिस्क मात्र बंद करून गप्प बसावे. "एकदा लावून तर बघू" म्हटले की डोके तबकडी खरवडते, आणि खरवडलेले कुणाच्या बापाला परत आणता येत नाही.

हे सगळे मला त्यानंतर कळले. डिस्क रात्रभर मटारशेजारी झोपली होती आणि सकाळी मी ती चार वेळा लावून बघितली होती.

दुरुस्तीवाल्याने डॉक्टरी आवाजात विचारले, "घरी काय काय केलंत?" मी फ्रीझर तेवढा सांगितला. त्याने मागितलेल्या पैशाला मी आधी लूट म्हणत होतो. त्या दिवशी मुकाट्याने दिले.

अकरा मिनिटे परत आली. बाबा विहिरीत पडलेल्या बैलाची हकिकत सांगताहेत, गाव गोळा झाले आहे, आणि तिथेच आवाज तुटतो. बैल निघाला की नाही, सांगायला आता कोणी नाही.

"दोर लावून काढला असेल," नाना म्हणाले, "त्यात काय आहे!"