संवादाआधी कपडे बोलतात

चित्रपट सुरू होतो. पडद्यावर एक बाई दार उघडते. अजून ती एक शब्दही बोललेली नाही. तरी ती गावातली की शहरातली, खाऊन-पिऊन सुखी की ओढाताणीतली, हे तुम्हाला कळलेलं असतं. कोणी सांगितलं? तिच्या साडीच्या पोताने, हातातल्या दोन बांगड्यांनी, मागच्या भिंतीच्या उडालेल्या रंगाने आणि कोनाड्यातल्या देवांनी.

चित्रपट आवडला की आपण नट-नट्यांचं कौतुक करतो, गाणी गुणगुणतो, फार तर दिग्दर्शकाचं नाव घेतो. कपडे आणि सेट यांच्याकडे लक्ष जातं ते डोळे दिपवणारे असतील तरच. जरीचा भरजरी घागरा, झुंबरांचा महाल दिसला की म्हणतो, ‘‘काय खर्च केलाय!’’ पण खर्च दिसणं वेगळं आणि माणूस दिसणं वेगळं. खरी मजा दुसऱ्या गोष्टीत आहे. कशी, ते बघू या.

कोल्हापूरची मुलगी, दिल्लीचा रस्ता

आमच्या मयूर विहारहून ब्लू लाइन पकडायची, मंडी हाऊसला मेट्रो बदलायची आणि सेंट्रल सेक्रेटरिएटला उतरायचं. तिथून थोडं चाललं की कर्तव्य पथ. आज तिथे लोक आइस्क्रीम खात फिरतात. ३१ जानेवारी १९८१ ला हाच रस्ता, तेव्हाचा राजपथ, सुमारे ३ लाख माणसांनी भरून गेला होता. रिचर्ड अॅटनबरो यांच्या ‘गांधी’ चित्रपटातलं अंत्ययात्रेचं दृश्य त्या दिवशी इथे चित्रित झालं. खरी अंत्ययात्राही ३१ जानेवारीलाच निघाली होती, ३३ वर्षांपूर्वी.

या चित्रपटाच्या वेशभूषेचं ऑस्कर १९८३ मध्ये जॉन मोलो आणि आपल्या भानू अथैया यांना मिळून मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. माहेरच्या राजोपाध्ये, गाव कोल्हापूर. वडील चित्रकार. भानूताई स्वतः मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. ‘सी.आय.डी.’ (१९५६) पासून त्या हिंदी चित्रपटांचे कपडे करत होत्या. ‘वक्त’ (१९६५) मधला साधनाचा अंगाबरोबरचा चुडीदार-कुर्ता त्यांचाच. तो पुढे कितीतरी मुलींनी शिवून घेतला.

‘गांधी’ पुन्हा बघाल तेव्हा फक्त कपड्यांकडे बघा. सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेत आगगाडीच्या पहिल्या वर्गात बसलेला कडक सुटाबुटातला तरुण बॅरिस्टर. मग सूट जातो. अंगावरचं कापड साधं होत जातं आणि कमीही होत जातं. शेवटी उरतो पंचा आणि उपरणं. प्रत्यक्ष आयुष्यात गांधीजींनी मदुराईत २२ सप्टेंबर १९२१ ला फक्त पंचा नेसायचा निश्चय केला, कारण देशातल्या गरिबाच्या अंगावर त्याहून जास्त नव्हतं. तीन तासांहून मोठ्या या चित्रपटाचा आवाज बंद केलात, तरी एक माणूस आपल्या लोकांच्या जवळ जवळ जात राहिला, एवढं तुम्हाला कपड्यांवरूनच कळेल.

रंगवलेला पडदा गेला

नेपथ्याची गोष्टही कोल्हापूरातूनच सुरू करायला हवी. सुरुवातीच्या मूकपटांत नाटकासारखे रंगवलेले पडदे मागे टांगत. बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीत त्याऐवजी खऱ्या खोलीसारखे, लांबी-रुंदी-खोली असलेले सेट उभे केले. त्यांच्या ‘सावकारी पाश’ (१९२५) मधली कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची झोपडी आजही जाणकारांच्या आठवणीत आहे. त्यांच्याच हाताखाली तयार झालेले दामले आणि फत्तेलाल पुढे ‘प्रभात’मध्ये आले आणि त्यांनी ‘संत तुकाराम’ (१९३६) केला. त्यात जिजाईचं घर बघा. चूल, भांडी, खोचलेला पदर. त्या घरात खरंच कोणीतरी राबतंय असं वाटतं. म्हणून जिजाईचा राग आपल्याला पटतो आणि तुकोबांचं वेडही पटतं.

‘लगान’ (२००१) आठवा. भुजजवळ कुनरियाच्या परिसरात कला दिग्दर्शक नितीन देसाई यांनी अख्खं चंपानेर गाव उभं केलं. कपडे भानूताईंचे. शेवटच्या सामन्यात एका बाजूला इंग्रजांचे पांढरेशुभ्र कपडे, दुसऱ्या बाजूला मातीच्याच रंगाची धोतरं आणि मुंडासी. घरातल्या ज्या आजीला क्रिकेटमधलं काही कळत नाही, तिलाही कोण कोणाच्या जमिनीवर खेळतंय हे एका नजरेत समजतं.

पैसा नको, नजर हवी

तुम्ही म्हणाल, ही सगळी मोठ्या बजेटची उदाहरणं. मग ‘सैराट’ (२०१६) घ्या. आर्ची पाटलाची पोर. मोठं घर, बुलेट, ट्रॅक्टर. मग ती परशासोबत हैदराबादला पळून येते आणि झोपडपट्टीतल्या एका खोलीत राहू लागते. जागा आक्रसते, कपड्यांची ऐट जाते, आणि तिला घराची आठवण का येते हे कोणी समजावून सांगावं लागत नाही. ती खोली बघूनच आपला जीव गुदमरतो. त्या खोलीत महाग असं काहीच नाही.

आणि चुकलं तर?

आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांना हा प्रश्न जास्त जवळचा आहे. २०१५ मध्ये ‘बाजीराव मस्तानी’ आला. त्यातल्या ‘पिंगा’ गाण्यात काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचताना दाखवल्या. गाणं देखणं होतं, गाजलंही. पण पेशव्यांच्या घरातली स्त्री अशी नेसेल का, अशी नाचेल का, यावर पुण्यात बरीच नाराजी झाली. पेशव्यांच्या वंशजांनीही आक्षेप घेतला.

इकडे दिल्लीत मात्र मराठी बाई म्हणजे तशीच नऊवारी आणि मोठी नथ, हे शेजाऱ्यांच्या मनात पक्कं बसलं. सोसायटीच्या कार्यक्रमात ‘मराठी डान्स’ म्हणजे तेच गाणं. ‘‘तुमच्याकडे रोज हेच नेसतात का?’’ असं कोणी विचारलं की हसू येतं आणि थोडं वाईटही वाटतं. कारण नऊवारी एक नाहीच. पाण्यात-होडीत वावरणारी कोळीण ती गुडघ्यापर्यंत आखूड नेसते. पूजेला बसणारी आजी घोट्यापर्यंत नेसते. शेतात वाकून काम करणाऱ्या बाईचा कासोटा आणि लावणीच्या फडावरचा कासोटा वेगळा. प्रत्येक नेसण्यामागे तिचं काम आहे, तिचं घर आहे. चित्रपट सगळ्यांना एकच साडी नेसवतो, तेव्हा त्या सगळ्याजणी पुसल्या जातात. जे लोक आपल्या गावी कधीच येणार नाहीत, ते आपल्याला त्या एका साडीवरूनच ओळखतात. म्हणून कपडा चुकला की मजा तर जातेच, माणूसही चुकीचा कळतो.

या आठवड्यात करून बघा

कुटुंबासोबत एखादा आवडता चित्रपट लावा आणि पाच मिनिटं आवाज बंद करा. मुलांना विचारा, ‘‘हा माणूस काय काम करत असेल? घरात कोण कोण असेल? कशावरून ओळखलं?’’ आजी-आजोबांना विचारा, ‘‘तुमच्या काळी असंच होतं का?’’ घरात पाहिलेलं जुनं नेसणं, जुनी चूल, जुनं दार यांच्या गोष्टी आपोआप निघतील. चित्रपटातल्या चुका सापडतील तशी त्यातली मेहनतही दिसेल.

आणखी एक. भानूताईंनी २०१२ मध्ये आपलं ऑस्कर अमेरिकेतल्या अकादमीकडे परत पाठवलं. आपल्यामागे इथे ते नीट जपलं जाईल, याची त्यांना खात्री वाटत नव्हती. २०२० मध्ये त्या गेल्या. नितीन देसाई २०२३ मध्ये गेले. त्यांची पदकं जपणं तुमच्या-माझ्या हातात नाही. पण शेवटी नावं सुरू झाली की मोबाइलवर ‘पुढचा भाग’ दाबायला बोट जातं ना, ते थोडं थांबवणं हातात आहे. ‘वेशभूषा’ आणि ‘कला दिग्दर्शन’ या दोन ओळी येऊ द्या. नावं मोठ्याने वाचा. शेजारी बसलेल्या मुलांनाही वाचू द्या.