पुसल्याविना पुसले

आमच्या गिरगावातल्या चाळीत न विचारता कुणी कुणाची कुंडीसुद्धा हलवत नाही. हलवलीच, तर त्याचे पडसाद गणपतीपर्यंत उमटतात. अशा चाळीत वाढलेल्या माझ्या पुतण्याने उत्सवाच्या वर्गणीची यादी एक्सेलमध्ये घातली आणि मॅक्रो लिहिला. बटण दाबलं की यादी तयार, फाइल सेव्ह! फक्त एक्सेल दरवेळी अदबीने विचारी, "या नावाची फाइल आधीच आहे. तिच्या जागी ही ठेवू का?"

"काका, फार कटकट करतं हे," असं म्हणून चिरंजीवांनी एक ओळ वाढवली. 'डिस्प्लेअलर्ट्स' बरोबर 'फॉल्स'. म्हणजे शुद्ध मराठीत, 'गप्प बस!' एक्सेल गप्प बसलं आणि यंदाची यादी गेल्या वर्षीच्या यादीच्या उरावर!

आता गंमत ऐका. मॅक्रोतून सेव्ह करताना तो प्रश्न पडद्यावर आला, की एक्सेलचा कल 'नाही'कडे असतो. नुसतं एंटर दाबा, जुनी फाइल वाचते. तोंड दाबलं, की तेच एक्सेल स्वतःच 'हो' म्हणून मोकळं! वर, अशी गेलेली फाइल रिसायकल बिनमध्येही सापडत नाही.

बरं, त्या यादीत नुसते आकडे नव्हते हो! चाळ सोडून विरार-डोंबिवलीला गेलेल्या, पण वर्गणी न चुकवणाऱ्या मंडळींचे पत्ते होते. नव्या यादीत फक्त राहते भाडेकरू.

परळ-लालबागचं दुसरं काय झालं? १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढे कित्येक गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले. 'इथे आधीच कुणी आहे, पुसू का?' हे चाळीतल्या गिरणी कामगाराला कुणी विचारलं?

म्हणून मी म्हणतो, प्रश्नाचं तोंड दाबू नका. कटकटच नको असेल, तर सेव्ह करण्याआधी 'डिर'ने फाइल आहे का बघा. असेल तर नव्या फाइलच्या नावात तारीख घाला. तेवढीही अक्कल मॅक्रोला शिकवायची नसेल, तर वही काय वाईट होती?

हल्ली संध्याकाळी मी फोन करकरून पत्ते गोळा करतो. परवा डोंबिवलीहून एक आजी म्हणाल्या, "काय रे, आम्हाला न पुसताच पुसलंत होय?"

पुतण्याला मी फोन स्पीकरवर ठेवून ऐकवलं.