घरात विष कशाला?

‘औषध’ हा शब्द आपल्या सातारा-सांगलीकडे दोन अर्थांनी चालतो. तापावर घेतात तेही औषध आणि द्राक्षावर, वांग्यावर मारतात तेही औषध. तरी एखाद्या घरातून ‘तिनं औषध घेतलं’ अशी बातमी आली की कसलं औषध, असं कुणी विचारत नाही. पुरुष गाडी शोधायला धावतात, बायका दारात कुजबुजतात आणि चार दिवसांनी गाव म्हणतं, ‘बाईनं डोक्यात राग घालून घेतला.’

या रागामागच्या कारणांबद्दल आपण संघटनेत पुष्कळ बोललो आहोत. दारू, मारहाण, माहेरून पैसे आणण्याचा तगादा, मुलगा नाही म्हणून टोमणे. घरात ठेवलेल्या त्या औषधाबद्दल मात्र आपण फारसं बोललेलो नाही. आज त्याबद्दल बोलायचं आहे.

अमेरिकेतल्या खेड्यांत हाच वाद बंदुकीवरून चालतो. तिथे बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू आत्महत्येचे असतात. ज्या घरात बंदूक, त्या घरात आत्महत्येचा धोका जास्त, हे तिथल्या अभ्यासांतून पुन्हापुन्हा दिसलं आहे. त्या घरातली माणसं शेजाऱ्यांपेक्षा जास्त दुःखी असतात म्हणून हे घडत नाही. वाईट वेळ आली तेव्हा हाताशी काय होतं, यावर जगणं-मरणं ठरतं.

आपल्याकडे बंदूक मोजक्या घरांत. सातारा हा सैनिकांचा जिल्हा. एखाद्या माजी सैनिकाकडे बंदूक असली, तरी तिला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, तो ठरावीक मुदतीने नवा करून घ्यावा लागतो आणि निवडणूक आली की पोलिस ठाण्यात ती जमा करण्याचे आदेश निघतात. शेतीचं विष मात्र कृषी सेवा केंद्रातून घरी येतं आणि माळ्यावर, गोठ्यात, मोरीच्या कोनाड्यात पडून राहतं. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज, जत या द्राक्षपट्ट्यात तर एप्रिलच्या खरड छाटणीपासून दावण्या, भुरी, फुलकिडे यांच्या मागे लागून फवारणी चालूच असते. उरलेला डबा पुढच्या वेळेला होईल म्हणून ठेवला जातो. बागेत विरळणी करून घरी आलेली बाई ज्या घरात स्वयंपाकाला लागते, त्याच घरात तो डबा असतो.

जगभर अभ्यास करणाऱ्यांना एक गोष्ट वारंवार आढळली आहे. मरणाच्या कड्यावर नेणारी ती घडी बहुधा थोडा वेळ टिकते. काहीजणांच्या बाबतीत विचार आणि कृती यांत काही मिनिटांचंच अंतर असतं. ती घडी टळली आणि माणूस वाचला, तर त्यातल्या बहुतेकांचा शेवट पुढे आत्महत्येने होत नाही.

मैत्रिणींनो, इथे काहीजणी हरकत घेतील. मीही बरीच वर्षं घेत होते. डबा हलवून काय होणार? नवरा तोच, सासू तीच, कर्ज तेवढंच. उलट ‘क्षणिक आवेग’ म्हटलं की सासरची माणसं सुटतात. हरकत खोटी नाही. १९८३ साली ४९८-अ कलम आलं ते स्त्रियांच्या चळवळीच्या रेट्यामुळे, आणि आज तो गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या ८५ व्या कलमात आहे. तो आपण सोडायचा नाहीच. पण जाच वर्षानुवर्षांचा असतो आणि आवेग घडीचा असतो, या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या बाबतीत खऱ्या असू शकतात. जाचाविरुद्ध उभं राहायला ती त्या घडीतून वाचली पाहिजे. ऐंशीच्या दशकात सांगली जिल्ह्यातल्या परित्यक्ता रेशनकार्ड आणि हक्काची जागा मागायला रस्त्यावर आल्या. कासेगावच्या इंदुताई पाटणकरांसारख्या कार्यकर्त्या त्यांच्या पाठीशी उभ्या होत्या. नवऱ्याने टाकल्यावर सगळं संपलं असं त्यांतल्या कितीजणींना कधी ना कधी वाटलं असेल!

मग करायचं काय? सोपा उपाय सुचतो तो कुलपाचा. श्रीलंकेत तो करून पाहिला. शेकडो नव्हे, हजारो घरांना औषध ठेवायला कुलपाच्या पेट्या दिल्या. २०१७ साली निष्कर्ष आला : विष घेण्याचे प्रकार त्यामुळे कमी झाल्याचं दिसलं नाही. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. पेटी घरातच, किल्लीही घरातच!

त्याच श्रीलंकेत दुसरी एक गोष्ट मात्र लागू पडली. १९९५ च्या सुमारास सरकारने सर्वांत जहाल कीटकनाशकांवर बंदी आणली, पुढे आणखी काही बंद केली. वीसेक वर्षांत तिथला आत्महत्यांचा दर सुमारे ७० टक्क्यांनी खाली आला, आणि पिकाचं उत्पन्न त्यामुळे घटल्याचं दिसलं नाही. आपल्याकडे एंडोसल्फान २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने थांबवलं आणि २०१८ साली केंद्राने १८ कीटकनाशकांच्या बंदीचा आदेश काढला. ही गती फार धिमी आहे. २०१७ साली यवतमाळात फवारताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले, तेव्हा तर ते विष कुणी प्यायलंही नव्हतं.

दुसरा अनुभव तामिळनाडूतला. चेन्नईच्या ‘स्नेहा’ संस्थेच्या डॉ. लक्ष्मी विजयकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांत औषधांचं सामाईक कोठार उभं केलं. प्रत्येक शेतकऱ्याला तिथे स्वतःचा कप्पा. फवारणीला जाताना औषध न्यायचं, उरलेलं परत ठेवायचं. प्रयोग छोटा होता, पण त्या गावांतल्या आत्महत्या कमी झाल्या. आपल्या गावांत विकास सोसायटी आहे, डेअरी आहे. एक पक्की खोली आणि एक जबाबदार माणूस, एवढं जमणार नाही असं गाव या दोन जिल्ह्यांत विरळाच. ग्रामसभेत हा ठराव बायकांनी मांडावा.

दवाखान्यातही आपलं काम आहे. बाई शुद्धीवर येते तेव्हा खाटेभोवती सासरचीच माणसं असतात आणि ‘खोकल्याचं समजून चुकून प्यायले’ असा जबाब होतो. पोलिस केस होईल या भीतीने तर कित्येकदा दवाखान्यात न्यायलाच उशीर होतो. आता कायदा बदलला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं, आणि तिची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य ठरवलं. जुनं ३०९ कलम तर १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या संहितेत त्या रूपात राहिलंच नाही. हे गावोगावी सांगायला हवं. आणि त्या खाटेशेजारी आपल्यापैकी एकीने बसायला हवं, प्रश्न न विचारता.

शेवटी मोजणीचा मुद्दा. २०२१ साली देशभरात आत्महत्या केलेल्यांत २३ हजारांहून अधिक जणींची नोंद ‘गृहिणी’ म्हणून झाली. त्यांतल्या किती जणी दिवसभर शेतात राबत होत्या, हे त्या रकान्यातून कळत नाही. सातबारावर नाव नाही म्हणून जिवंतपणी ती शेतकरी नव्हती, आणि मेल्यावरही ठरली नाही. शेतकरी आत्महत्येवर सभा होतात तेव्हा तिचं नाव कुणी घेत नाही. सातबारावर बाईचं नाव लावण्याची आपली मागणी म्हणूनच या प्रश्नाशीही जोडलेली आहे.

हे वाचणारीच्या मनात स्वतःबद्दल असे विचार येत असतील, तर तिने एकटीने रात्र काढू नये. १४४१६ या ‘टेली-मानस’च्या नंबरवर दिवसरात्र, मराठीत, पैसे न पडता बोलता येतं. शेजारणीचं दार वाजवता येतं. आणि आपण सगळ्याजणींनी आज घरी गेल्यावर माळा, गोठा, मोरी पाहावी आणि तिथलं औषध घराबाहेर काढण्याचा विषय जेवताना काढावा. सुरुवातीला घरातली माणसं हसतील. हसू द्या.